पाय पक्का?

९ जानेवारी

वहिनी,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तुम्ही पत्र न फोडताच फळीवर ठेवून दिलं असेल, तर माझी तक्रार नाही. फोडलं असेल तर एवढंच सांगा: शेवटच्या वर्षात दादाच्या पायांना मुंग्या यायच्या का? तळवे बधिर व्हायचे का?

माझ्या ओळखीच्या एका माणसाला हवं आहे. कामावरचाच आहे, माझ्याच वयाचा, तसा धडधाकट. त्याने कुठेतरी वाचलं की हृदयाचं दुखणं आधी पायांत उतरतं, आणि तेव्हापासून तो घाबरलाय. मी म्हटलं, अरे, माझा सख्खा भाऊ हृदयानंच गेला, वहिनींना विचारून सांगतो. दादाच्या तब्येतीची खबर तुमच्याशिवाय कोणाला असणार? फोन तुम्ही उचलत नाही. उचलला असतात तरी मला बोलता आलं असतं असं नाही.

माझं म्हणाल तर झकास चाललंय. सकाळी गाजर आणि बिटाचा रस, भिजवलेले बदाम, दोन्ही वेळा वाफवलेल्या भाज्या. मीठ नावाला, साखर नाही, तळलेल्या पदार्थाकडे मी बघतसुद्धा नाही. घास तोंडात विरघळेपर्यंत चावतो. वर कॅप्सूल आहेत: एक सर्वसाधारण ताकदीची, एक हृदयाची, एक ताणतणावाची, एक झोपेसाठी मॅग्नेशियमची. त्या कॅप्सूलच्या दुकानातल्या ताई फार अभ्यासू आहेत, नाडी न धरता नुसत्या चेहऱ्यावरून सांगतात काय कमी पडतंय ते. सगळं नैसर्गिक, त्यामुळे अपायाचा प्रश्नच नाही. दुपारी जेवणाच्या सुट्टीत लिफ्टच्या मशीन रूममध्ये बसून डोळे मिटून श्वास मोजतो. कामावरचा माझा जोडीदार येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो, आवाज करू नका, आमचा माणूस चार्जिंगला लावलाय. आणि ही म्हणते, घरात औषधांचं दुकान थाटलंत, आता बाहेर पाटी तेवढी लावा. हिला सगळ्याची थट्टा.

दादा गेला त्या आठवड्यात तुमच्या स्वयंपाकघरात उभं राहून, तुमच्या हातच्या तेलामिठानं माझा भाऊ खाल्ला, असं मी बोललो. काळजीपोटी बोललो. खोटं बोललो असं मला आजही वाटत नाही. पण तो विषय नको. पायांचं तेवढं कळवा.

धाकटा


२ फेब्रुवारी

वहिनी,

उत्तर नाही. रोज कामावरून आलो की आधी पत्रपेटीत हात घालतो. ही विचारते, कोणाचं प्रेमपत्र यायचंय? मी म्हणतो, विजेचं बिल.

तो ओळखीचा माणूस मीच आहे. तुम्ही पहिल्या दोन ओळींतच ओळखलं असणार. लहान असताना, शेजारच्या पोरानं बरणी फोडली असं मी सांगायचो, तेव्हा तुम्ही माझेच तळवे उलटून काच लागलीय का ते बघायचात.

आता तळव्यांचंच सांगतो. परवा संध्याकाळी बूट काढला तर आत स्क्रू निघाला. चांगला बोटाच्या पेराएवढा. कुठेतरी काम करताना वरून पडला असणार. मोजा रक्तानं तळव्याला चिकटला होता. म्हणजे दिवसभर मी त्या स्क्रूवर चाललो, जिने चढलो, उतरलो, आणि मला पत्ता नाही. वहिनी, मी न्हाणीघराचं दार लावून स्टुलावर बसलो आणि त्या जखमेवर बोट दाबून बघितलं. आणखी जोरात दाबलं. काहीही नाही. मोजा कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकला, पाय धुतला, आणि बाहेर येऊन हिला म्हटलं, नख जरा जास्त कापलं गेलं.

आधी नुसत्या बोटांना मुंग्या होत्या. मग तळवे गेले. आता घोट्यांपर्यंत आलंय. पाय दिसतात, चालतात, सगळं करतात, पण ते माझे आहेत असं वाटत नाही. दुकानातल्या ताई म्हणाल्या, मज्जातंतूंना पोषण कमी पडतंय. त्यांनी नवीन गोळ्या दिल्या आणि पाण्यात ढवळून घ्यायची पूड दिली. त्या एक सांगतात, मी दोन घेतो. कमी पडत असेल तर भरून काढायला हवं, ह्यात डॉक्टरला विचारण्यासारखं काय आहे?

मार्चमध्ये मी दादाच्या वयाचा होईन. वडीलही त्याच वयाच्या सुमारास गेले होते. त्यापुढे आमच्या घरातला पुरुष पोहोचलेला मी पाहिलेला नाही. पुढे काय असतं ते कोणी येऊन सांगितलेलंच नाही, म्हणून विचारतोय. राग नंतर काढा. आधी सांगा.

धाकटा


१५ फेब्रुवारी

वहिनी,

तुमच्या दोन ओळी मिळाल्या. "मुंग्या नव्हत्या. डॉक्टरांकडे जा, आणि घरात सांगा." ना नमस्कार, ना आशीर्वाद. पण तुमचं अक्षर होतं, म्हणून त्या दोन ओळी पुन्हा पुन्हा वाचल्या.

वाचलं आणि मी हुश्श केलं. दोन दिवस घरात शीळ घालत होतो. मग कामावर जाताना रस्त्यातच मनात आलं, हे दादाचं दुखणं नाही, तर मग आहे तरी काय? ज्याची इतके दिवस भीती होती त्याला निदान नाव होतं. हे बिननावाचं आहे. उलट्या पावली घरी यावंसं वाटलं.

डॉक्टरांकडे गेलो नाही. डॉक्टर बघतात आणि सांगतात, आणि त्यांनी सांगितलं की ते खरं होऊन बसतं. हिला सांगितलं तर ही हाताला धरून नेईल. म्हणून दोन्ही राहिलंय.

कामावर थोडं खरचटलं. विशेष नाही.

वरची ओळ खोडणार होतो. राहू दे. विशेष आहे, वहिनी, फार विशेष आहे, आणि तुमच्याशिवाय कोणाला लिहू?

आमच्या कामात दोघं जण लिफ्टच्या छपरावर उभे राहतात आणि लिफ्ट हळूहळू खाली सोडत एकेका मजल्याच्या दाराची कुलपं तपासतात. एका बाजूला दारं आणि मागे शाफ्टची खोल पोकळी, तिथून वजनाचे ठोकळे वरखाली जातात. बटण ज्याच्या हातात असतं तो लिफ्ट हलवण्याआधी ओरडून विचारतो, "पाय पक्का?" दुसऱ्यानं दोन्ही पायांखाली लोखंड जाणवलं तरच म्हणायचं, "पक्का." खाली बघायचं नाही, कारण डोळे आणि हात वर कुलपात गुंतलेले असतात. पायांनीच सांगायचं. नवीन माणसाला हे आम्ही आधी शिकवतो, पाना धरायला नंतर. त्या एका शब्दावर दोघांचा जीव असतो.

गेले कित्येक आठवडे मला लोखंड जाणवतच नव्हतं. मी पक्का म्हणत होतो.

परवा जोडीदारानं विचारलं, मी म्हटलं, "पक्का." लिफ्ट खाली निघाली. माझ्या उजव्या पायाची टाच कडेच्या बाहेर पोकळीत होती आणि मला ते माहीत नव्हतं. बूट भिंतीतल्या लोखंडी पट्टीला अडकला. मी काहीतरी बोलत होतो, काय ते आठवत नाही, आणि खाली खोलवर धप्प असा आवाज आला. जोडीदारानं स्टॉप दाबला आणि माझा पट्टा धरून मला आत ओढलं. मी त्याला विचारलं, "काय पडलं रे?"

तो म्हणाला, "तुझा बूट."

खाली बघितलं तर पायात नुसता मोजा, बाजूची कातडी सोललेली. दुखलं नाही. दुखलं असतं तर मी आनंदानं ओरडलो असतो. जोडीदार खाली बसला. इतक्या वर्षांत त्यानं मला कधी शिवी दिली नव्हती, ती दिली, आणि म्हणाला, "कधीपासून खोटं बोलतोयस?" मी मोजा वर ओढत राहिलो. तो म्हणाला, "पायाचं दाखवून ये. तोवर माझ्याबरोबर शाफ्टमध्ये उतरायचं नाही. साहेबांना मी सांगणार नाही, पण तुला वर घेणार पण नाही."

ही विचारत होती, नवा बूट कशाला आणला? म्हटलं, जुना चावत होता.

मला भीती वाटतेय म्हणून लिहिलं असं समजू नका. तुम्ही उत्तर दिलंत म्हणून लिहिलं.

धाकटा


४ मार्च

वहिनी,

तुमचं एवढं मोठं पत्र येईल असं वाटलं नव्हतं. तीनदा वाचलं. चौथ्यांदा वाचवलं नाही.

दादाच्या छातीत कित्येक महिने जळजळत होतं, हे मला माहीत नव्हतं. तुम्हालाही नव्हतं. तो गेल्यावर तुम्हाला पित्ताच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं सापडत राहिली, कोटाच्या आतल्या खिशात, दाढीच्या सामानात, कपाटातल्या गरम कपड्यांच्या घडीत. सकाळी तो पलंगाच्या कडेला छातीवर हात ठेवून बसलेला असायचा, आणि तुम्ही खोलीत आलात की शर्टाची बटणं लावू लागायचा. तुम्ही लिहिता, "जेवणानं गेले की आणखी कशानं, ते मला सांगता येणार नाही. पण ते एकटे घाबरत होते आणि मी शेजारच्या खोलीत भाजी चिरत होते, एवढं मला पक्कं माहीत आहे. तुम्हीही तेच करताय, भावजी."

हे वाचलं आणि जोडीदाराला फोन केला. एकट्यानं जायचं धाडस नव्हतं. तो आला, मला स्कूटरवर मागे बसवलं आणि मी खाली पाय सोडू नये म्हणून वाटेत सारखा मागे बघत राहिला.

डॉक्टरीणबाई वयानं लहान, आवाज खणखणीत. सुईनं टोचून बघितलं, डोळे मिटून उभं राहायला सांगितलं. मी डोळे मिटले आणि झोकांडी खाल्ली, जोडीदारानं धरलं. साखर तपासली, रक्त तपासलं. मग काय काय घेता म्हणून विचारलं. मी अभिमानानं सांगायला लागलो. त्यांनी सगळ्या बाटल्या आणायला लावल्या. पिशवी भरून नेल्या. त्या एकेक बाटली उलटी करून मागचं बारीक अक्षर वाचत गेल्या, आणि वाचता वाचता त्यांचं कपाळ आठ्यांनी भरलं.

ताकदीच्या गोळीत बी सिक्स जीवनसत्त्व. ताणाच्या गोळीत बी सिक्स. झोपेच्या मॅग्नेशियममध्येसुद्धा. मज्जातंतूंच्या गोळ्यांत आणि पुडीत तर भरमसाट. कुठे नाव वेगळं, पण वस्तू तीच. थोडं असलं तर ते नसांना हवंच असतं, त्या म्हणाल्या, पण एवढं महिनोन्महिने घेतलं तर तेच नसा मारतं. म्हणजे पाय बधिर झाले म्हणून मी जे वाढवत होतो, पाय बधिर होत होते ते त्यानंच. हसावं की रडावं? जोडीदार हसला. मग माझ्याकडे बघून बाटल्या पिशवीत भरायला लागला.

सगळं आजपासून बंद म्हणाल्या. घरचं साधं जेवण जेवा, बाकी काही नको. मी विचारलं, "कधी बरं होईल?" त्या म्हणाल्या, "आधी आणखी वाढेल, काही आठवडे. घाबरू नका. मग उतरायला लागेल. किती उतरेल ते आज कोणी सांगू शकत नाही." घाबरू नका म्हणणाऱ्या माणसांना स्वतःचे पाय असतात, वहिनी.

एक लिहायचं राहिलंय ते लिहितो. तेलामिठाचं मी का बोललो ते मला काल कळलं. दादा तुमच्या जेवणानं गेला असेल तर ते जेवण न जेवून मी वाचणार होतो. मला ते खरं असायला हवं होतं. त्यापायी तुम्हाला दोषी केलं, तेही तुमचा माणूस नुकताच गेला असताना. माझं चुकलं.

हिला सांगितलं नाही. अशक्तपणा आहे, रजा घेतलीय, एवढंच सांगितलं. तुमचं म्हणणं कळतं, पण तोंडच उघडत नाही. तिच्यासमोर गेलो की मी बटणं लावायला लागतो.

धाकटा


१८ मार्च

वहिनी,

त्या डॉक्टरीणबाई खरं बोलल्या. वाढलंय. गुडघ्यांपर्यंत आलंय, आणि आता हातांत उतरलंय. अक्षर बघताय ना? पेन धरलंय की नाही ते बघावं लागतं. काल चहाचा कप हातातून सुटला. ही म्हणाली, "लक्ष कुठे आहे तुमचं?" मी फरशी पुसायला खाली बसलो आणि उठता येईना. कपाटाला धरून उठलो, ही आत गेल्यावर.

बंद केल्यावर वाढतंय, म्हणजे बंद करणंच चुकलं असेल तर? दिवसभर डोक्यात हेच फिरतंय. डॉक्टरीणबाई पोरगेल्या आहेत. त्यांनी काल-परवा पुस्तकात वाचलं असेल. आणि गोळ्यांवर होतो तेव्हा निदान कप धरता येत होता, हे तर माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

श्वास मोजायला बसलो तर श्वासच लागतो. डोळे मिटले की तोल जातो, बसल्या जागी. तेव्हा तेही सोडलं.

तुमच्यापासून लपवत नाही. काल मी दुकानात गेलो. भिंत धरत धरत गेलो. त्या ताईंना सगळं सांगितलं. त्या एवढंसुद्धा दचकल्या नाहीत, गोड हसल्या आणि म्हणाल्या, "अहो, अंगातलं वाईट बाहेर पडतंय, ही चांगली खूण आहे. अशा वेळी सोडायचं नसतं, उलट जोर वाढवायचा असतो." वहिनी, इतक्या महिन्यांत चांगली हा शब्द माझ्या पायांबद्दल पहिल्यांदा कोणी उच्चारला. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. मी बाटली घेतली.

ती माझ्या शर्टाच्या खिशात आहे. झाकण फोडलेलं नाही. सकाळपासून खिशावर हात जातोय. डॉक्टरीणबाई म्हणतात थांबा, आणि थांबलो की अंधारात पाय टाकल्यासारखं वाटतं. ही बाटली म्हणते घे, आणि घ्यायचं म्हटलं की निदान काहीतरी केल्यासारखं वाटतं. मला नुसतं बसवत नाही. कधीच बसवलं नाही. मशीन बिघडलं की मी हत्यार उचलणारा माणूस.

काय करू ते सांगा. पण तुमचं उत्तर येईपर्यंत मी थांबेन असं वचन देत नाही. दादासारखं मरायचं नाही मला, आणि असं जगायचंही नाही. आज मी त्याच्या वयाचा झालो.

धाकटा


२३ मार्च

वहिनी,

अक्षर वेगळं दिसलं म्हणून दचकू नका. लिहितेय ही. मला पेन धरता येत नाही, तेव्हा मी सांगतोय आणि ही उतरवून घेतेय. दुपारची जेवणं झालीत, आम्ही स्वयंपाकघरात टेबलाशी बसलोय. हिला म्हटलं, वहिनींना चार ओळी कळवायच्या आहेत, मी ठीक आहे एवढं लिही. पण चार ओळींत आटपेना. ठीक आहे असं सांगायला तोंड उघडलं आणि सगळं सुरुवातीपासूनच यायला लागलं. बूट, शाफ्ट, डॉक्टरीणबाई, दादाची पाकिटं. तुम्हाला हे सगळं ठाऊक आहे, तरी मी सांगत गेलो आणि हिनं लिहून घेतलं. ती पानं ही वेगळी ठेवतेय, तुम्हाला पाठवत नाही.

तुमची चिठ्ठी काल आली. "बाटली तिच्या हातात द्या. मला नको, तिला." म्हणून आत्ता सांगतो, ती खिशात आहे. झाकण अजून फोडलेलं नाही. (ही उठली. काढून घेतली. मोरीत ओतून परत येऊन बसली.)

पुढे लिही. वहिनी, डॉक्टरीणबाईंना काल फोन केला. त्या म्हणाल्या, वाढायचं थांबेल, पण आणखी काही दिवस जातील. पाय पूर्ण परत येतीलच असं नाही. लिफ्टचं काम पुन्हा करता येईल असंही नाही. तोवर काय करू म्हटलं तर म्हणाल्या, काही करू नका. जेवा, झोपा, कोणाचा तरी हात धरून चाला.

मला भीती वाटते. सकाळी डोळे उघडले की आधी पाय हलवून बघतो, ही उठायच्या आत. हलले तरी भीती वाटते आणि उद्या हलले नाहीत तर काय, ह्याचीही वाटते. दादाला वाटत असेल तशीच. हे लिही. लिहिलंस का?

जाऊबाई, इथून पुढे मी माझ्या मनानं लिहितेय. हे थांबलेत.

लिहायचं म्हणून मी लिहून घेतलं आणि मग मला कळलं मी काय लिहिलंय. इतक्या वर्षांच्या संसारात भीती वाटते असं हे कधी म्हणाले नव्हते. पावसात छत गळत होतं तेव्हा नाही, थोरले भावजी गेले तेव्हा नाही. मला काही माहीत नाही असं यांना वाटत होतं. घरातल्या घरात पायांकडे बघत चालणारा नवरा कोणत्या बायकोच्या नजरेतून सुटतो? कचऱ्यातला मोजा मी बघितला होता. न्हाणीघराच्या दाराबाहेर मी उभी होते. पण विचारलं असतं आणि यांनी खरं सांगितलं असतं, तर पुढे काय करायचं ते मला माहीत नव्हतं. म्हणून थट्टा करत राहिले. कप फुटला तेव्हा मी आत गेले ती रडायला गेले होते, यांना वाटलं बटाटे उकडायला.

मला पण भीती वाटते, जाऊबाई. हे यांना मी अजून सांगितलेलं नाही. हे समोर बसलेत, एवढं काय लिहितेस म्हणून माझ्या तोंडाकडे बघतायत. ही ओळ पुरी करते, पेन खाली ठेवते, आणि सांगते.